‘इथं कुणी हाय का तुमचं?’

एसटीच्या नोकरीत मी हजारो लोकांना राहायची जागा सांगितली, पण स्वतः आजवर एकाही लॉजवर राहिलेलो नाही. निवृत्त होईपर्यंत ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नव्हती. लोक विश्वासानं विचारायचे, त्यांचा विश्वास कशाला मोडा!

मी वाहतूक नियंत्रक होतो. आधी काही वर्षं नांदेडला आणि मग निवृत्तीपर्यंत लातूरला. लोक आम्हाला कंट्रोलर म्हणतात. स्टँडवर काचेची केबिन असते, तिच्यात माईक घेऊन बसलेला वैतागलेला माणूस म्हणजे आम्ही. गाडी कोणत्या फलाटावर लावायची ते ठरवायचं, आली-गेली त्याची वेळ लिहायची, ड्रायव्हर आला नाही तर दुसरा हुडकायचा, आणि उरलेल्या वेळात चौकशीच्या खिडकीतून येणाऱ्या तोंडांना उत्तरं द्यायची. “उदगीर कधी लागंल?” या प्रश्नाला “लागली की सांगतो” हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं असेल, की घरी बायकोनं जेवायला कधी बसणार असं विचारलं तरी तेच तोंडात यायचं.

पण रोज चार-दोन माणसं तरी वेगळाच प्रश्न घेऊन यायची. “साहेब, राहायची सोय कुठं हाय?” हे सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. काही सहकारी सरळ हात झटकायचे. मला मात्र या प्रश्नाची पहिल्यापासून गोडी. अनोळखी शहरात उतरलेला माणूस पाठ टेकायला जागा शोधतो, तेव्हा तो स्वतःबद्दल बरंच काही सांगून जातो. हातात एक्स-रेचं पाकीट असेल तर त्याला दवाखान्याजवळची, जिना नसलेली खोली पाहिजे. पोराला क्लास लावायला आलेल्या बापाला खोली कशीही चालते, कारण तो रात्रभर बसून हिशेबच करणार असतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायकांना मोठा आरसा लागतो.

माणसं वाचायला येतात या घमेंडीत मी नांदेडला एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. डोक्यावर निळी पगडी, सोबत बायको आणि तरुण मुलगी, दोन मोठ्या बॅगा असे एक सरदारजी खिडकीशी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी हिंदीत सुरू झालो. गुरुद्वारा कुठे, यात्रेकरूंची राहायची व्यवस्था कुठे, रिक्षावाल्याला काय सांगायचं, लंगर कुठे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “साहेब, माझा जन्म हितलाच हाय. चार पिढ्या झाल्या आमाला नांदेडात. मला हिंगोलीची गाडी पायजे, पोरीला सासरी घालवाया आलो.” मागच्या रांगेत जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो.

त्या दिवसापासून मी अंदाज बांधणं सोडलं आणि तीन प्रश्न ठरवून घेतले. कशाला आलात? किती दिवस? इथं कुणी हाय का तुमचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक झटकन द्यायचे. तिसऱ्यापाशी अडखळायचे. कारण आपल्याकडे शहरात नातेवाईक असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या नातेवाइकाचं नाक कापणं. आणि मराठवाड्यात नांदेड-लातूरला ज्याचं कुणीच नाही असा माणूस मिळणं कठीण. म्हणून बहुतेकांचं उत्तर एकच असायचं. “हाय, पण...”

मला त्या ‘पण’चं भारी कुतूहल. खिडकीत रांग थांबवूनही मी तो काढून घ्यायचो. उदगीरचा एक आडत दुकानदार म्हणाला, “साडू हाय, पण त्यानं नवी गाडी घेतली. गेलो की दोन दिवस तिची तारीफ करावी लागती.” मुलाखतीला आलेला एक तरुण म्हणाला, “मामा हायेत, पण त्यांना सांगितलं न्हाई. नोकरी लागली तर पेढे घेऊनच जाईन म्हणतो.” आणि लातूरचा म्हणून एक खास ‘पण’ होता. एक शिक्षिका मला म्हणाल्या, “नणंद आहे इथं, पण त्यांच्या गल्लीत पाणी मंगळवारी येतं. आज शुक्रवार.” लातूरला पाहुणा जाताना तिथी बघत नाही, नळाचा वार बघतो.

लॉज सांगायची माझी पद्धत आता सांगून टाकतो, कामाला येईल. पाटी बघायची नाही, काउंटर बघायचं नाही. दुपारी रस्त्यावर उभं राहून गच्ची बघायची. दोरीवर चादरी वाळत असल्या तर तिथं खुशाल जावं. लातूरच्या आमच्या केबिनच्या मागच्या खिडकीतून तीन लॉजच्या गच्च्या दिसत. पहिल्यावर कधीच काही वाळत नसे. कोपऱ्यावरच्या गच्चीवर मालकाचेच कपडे असत. मधल्या गच्चीवर मात्र रोज दहा-पंधरा पांढऱ्या चादरी. मी लोकांना डोळे झाकून मधला लॉज सांगायचो आणि लोक दुसऱ्या दिवशी येऊन दुवा द्यायचे. आत पाऊल न टाकता मिळवलेली ही कीर्ती होती.

या मधल्या लॉजनंच मला पुढं धडा दिला.

देवणीच्या पुढं, पार कर्नाटकाच्या शिवेजवळच्या खेड्यातले किसनराव नावाचे एक शेतकरी दर महिन्या-दीड महिन्याला खिडकीशी यायचे. साठी ओलांडलेली, पांढरं धोतर, उजवा गुडघा दुखरा. बांधाच्या भांडणाचं अपील लातूरच्या कोर्टात चालू होतं. वकील सांगायचा की तुम्ही यायची गरज नाही. पण यांचं म्हणणं, जमिनीची गोष्ट हाय, आपण समोर दिसलेलं बरं. गावातून सकाळी निघून वेळेत पोचणं होत नसे, म्हणून आदल्या दिवशी दुपारी यायचे. पहिल्या वेळी मी तिसरा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, “हाय, पण जाऊ द्या.” हे ‘पण’ मला काही काढता आलं नाही. मी मधला लॉज सांगितला.

पुढच्या खेपेपासून ते लॉज विचारतच नसत. फक्त म्हणायचे, “साहेब, जागा हाय का तेवढं फोन करून बगा. वरची खोली म्हणावं, गच्चीपाशी.” लॉजचा मॅनेजरही बुचकळ्यात पडला होता. गुडघेदुखीवाले सगळे खालची खोली मागतात, हे एकटेच तीन जिने चढतात. मी विचारलं तर म्हणाले, “वारं चांगलं लागतं.” हे त्यांनी मला ऐन थंडीत सांगितलं.

त्याच थंडीत एका दुपारी तिशीतली एक बाई खिडकीशी आली. हातात भाजीची पिशवी.

“काका, देवणीकडनं किसनराव म्हणून येतात का तुमच्याकडं? धोतर नेसतात, जरा लंगडतात.”

“येतात की!” मी खुशीत म्हणालो. “त्यांची काही फिकीर करू नका. शहरातल्या सगळ्यात स्वच्छ लॉजवर सोय लावून दिलीय मी. वरची खोली, हवेशीर. तुम्ही कोण त्यांच्या?”

“मी सुमन. त्यांची थोरली लेक,” ती म्हणाली. “त्या लॉजच्या मागच्या गल्लीत राहते.”

ती पुढं बोलू लागली, आवाज अजिबात न चढवता. “माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती गच्ची दिसती. परवा सकाळी भाकरी थापताना सहज वर बघितलं. चादरीमधी एक धोतर वाळून राहिलं होतं आणि त्याच्याजवळ आबा उभे होते. तवा तसाच राहिला, भाकर करपली. आबा लातूरला येतात हेच मला ठाऊक नव्हतं, काका.”

मग तिनं सांगितलं ते असं. त्यांच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. धाकटी उदगीरला दिलेली, तिला दोन मुलं आहेत, तिच्याकडे आबा आठ-आठ दिवस राहतात. सुमनच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवरा शाळेत क्लार्क, माणूस भला, पण मूल नाही.

“आता मला सांगा,” ती म्हणाली, “मला लेकरू झालंच न्हाई, तर आबा कधीच यायचे न्हाईत का? लॉजवरच्या परक्या चादरीवर झोपतात अन् माझी चादर चालत न्हाई. तुम्ही एवढी चांगली सोय लावली नसती, तर नाइलाजानं का होईना, माझ्याकडं आले असते.”

आणि “देवणी गाडी लागली का?” असं मागून कुणीतरी ओरडल्यावर ती बाजूला झाली आणि निघून गेली. मी दिलेली माहिती सोळा आणे खरी होती. तरी त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा राग आला होता.

पुढच्या तारखेला किसनराव आले तेव्हा मी नोकरीत पहिल्यांदा खिडकीतून खोटं बोललो. लॉजला फोन केल्याचं सोंग केलं आणि म्हणालो, “मामा, सगळं फुल हाय. परीक्षा हायेत ना, पोरांचे आईबाप येऊन राहिलेत.” माझा हिशेब सोपा होता. जागा नाही म्हटल्यावर म्हातारा जाईल कुठं? लेकीकडेच.

“काही हरकत न्हाई,” किसनराव म्हणाले. “हितं बाक हाय की.”

संध्याकाळी माझी पाळी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलो, तर ते फलाटावरच्या नळाशी तोंड धूत होते. रात्रभर डासांनी फोडून काढलं होतं, कपाळावर फोड आले होते, गुडघा धरून उभे होते. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना केबिनमध्ये आणून बसवलं, चहा मागवला आणि झालं ते सगळं कबूल केलं. सुमन आली होती, हेही सांगितलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी कपातला चहा हळूहळू संपवला.

“तिनं मला बघितलं व्हय गच्चीवर?”

“बघितलं. भाकर करपली म्हणाली.”

“मी बी तिलाच बगत व्हतो,” किसनराव म्हणाले. “त्या गच्चीवरनं तिची खिडकी दिसती, साहेब. सकाळी भाकरी थापताना दिसती. म्हणून तर वरची खोली मागतो.”

वाऱ्याचं कोडं असं सुटलं. पण मोठं कोडं तसंच होतं. मी म्हणालो, “मामा, मग इतका जीव हाय तर रीत कामून धरून बसलात? कोण बघतंय आता? तिला वाटतं, लेकरू न्हाई म्हणून आबा मला लेक मानत न्हाईत.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी भलतंच बोललो.

“आवो, उलटं हाय ते. आज तिच्या घरचं पाणी प्यालो, म्हंजी मी मानलं की हिला आता लेकरू व्हत न्हाई. बापानंच आशा सोडली तर कसं व्हायचं? जवर मी पाणी पीत न्हाई तवर आशा हाय.”

इतक्या वर्षांत एवढी माणसं पाहिली, पण या उत्तराला मी तयार नव्हतो. एकच रीत. लेकीला ती दार लावल्यासारखी वाटत होती आणि बापाला वाटत होतं की आपण दार उघडं धरून उभे आहोत. मधे तीन जिने आणि एक गल्ली. मी त्यांना पुन्हा मधला लॉज सांगितला, दुसरं काय करणार होतो!

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. ज्यांनी तो काढला त्यांना वेगळं सांगायला नको. माझी गच्ची बघायची विद्या त्या वर्षी कुचकामी झाली, कारण चादरी धुवायला पाणी कुणाकडे होतं? मधल्या लॉजची दोरीसुद्धा रिकामी. लोक खिडकीशी येऊन विचारत, “पाणी असलेला लॉज सांगा.” आणि शहरात नवीनच चाल पडली. पाहुणा येताना गावाकडून पाण्याचा कॅन घेऊन यायचा. माझा मेव्हणा निलंग्याहून आमच्याकडे आला तो दोन्ही हातांत कॅन घेऊन. एरवी भावाला ओवाळणारी माझी बायको, पण त्या दिवशी तिनं आधी कॅन उतरवून घेतले आणि मग भावाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी किसनरावांची तारीख होती. त्यांना बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“मामा, लेकीच्या घरचं पाणी चालत न्हाई. तिच्या घरी बसायला मनाई हाय का?”

“बसायला कशाची मनाई? पाणी अन् जेवान.”

“तुमच्या विहिरीला पाणी हाय?”

“हाय थोडं. पिण्यापुरतं.”

“मग पुढच्या बारीला तुमचं पाणी तुम्हीच घेऊन या. अख्खं लातूर पाहुण्यांकडनं पाणी घेऊन राहिलंय, कुणी नावं ठेवणार न्हाई. तेच पाणी प्या, त्यातच ती भाकरी करंल. पीठ बी घरचंच आणा.”

ते रीत चारी बाजूंनी तपासून बघत असावेत.

“चूल तर तिची ऱ्हाती,” शेवटी म्हणाले.

“चूल कुठं हाय मामा आता? गॅस हाय.”

किसनराव पहिल्यांदाच माझ्यासमोर खळखळून हसले.

पुढच्या तारखेला देवणी गाडीतून आधी पाण्यानं भरलेला तेलाचा जुना पाच लिटरचा एक कॅन उतरला, मग दुसरा, मग पिठाची पिशवी आणि शेवटी किसनराव. माझ्याकडे न बघता ते तसेच लंगडत मागच्या गल्लीकडे गेले. सकाळी कोर्टात जाताना खिडकीशी थांबले. डोळे तांबारलेले होते.

“झोप लागली का मामा?”

“कशाची झोप! लई बोलली ती,” ते म्हणाले. “नऊ वर्षांचं साठलेलं व्हतं.”

पाऊस झाला, नळ सुरू झाले, मधल्या गच्चीवर पुन्हा चादरी आल्या. मला वाटलं, आता कॅन थांबतील. पण पुढच्या तारखेलाही किसनराव कॅन घेऊनच उतरले. मी म्हणालो, “मामा, आता नळाला पाणी आलंय की.” तर म्हणे, “आमच्या हिरीचं गोड हाय.” देवणी गाडीचे कंडक्टरसुद्धा तो कॅन ओळखू लागले. एकदा सुमन खिडकीशी आली, तिळाच्या पोळ्या घेऊन. मी विचारलं, “आता खूश ना?”

“आबा येतात, राहतात, एवढं पुष्कळ झालं,” ती म्हणाली. “पण काका, अजून माझ्या माठाकडं बघत बी न्हाईत. कॅनातलं उरलेलं पाणी मी तुळशीला घालते. तुळस तेवढी जोमात हाय.” ती हसली, पण मला काही हसता आलं नाही.

असं दोन वर्षांहून जास्त चाललं. दवाखाने झाले, नवस झाले, सुमनला मूल झालं नाही. हे मला तिनंच सांगितलं. डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलंय म्हणाली, आणि आबांनाही मीच सांगून टाकलं म्हणाली. त्यानंतर दोन महिने किसनराव स्टँडवर दिसले नाहीत. मी देवणी गाडीच्या कंडक्टरला विचारायचो, तो मान हलवायचा. मला भीती वाटू लागली होती. म्हाताऱ्याची आशा सुटली, आता येणंही सुटलं की काय!

माझ्या नोकरीचा शेवटचा महिना होता. दुपारी देवणी गाडी लागली. मी माईकवर सांगत होतो, तेवढ्यात दारातून पांढरं धोतर उतरताना दिसलं. एका खांद्याला पिशवी. दुसरा हात रिकामा.

मी केबिन सोडून बाहेर गेलो. “मामा! कुठं होता इतके दिवस? उद्या तारीख हाय का?”

“तारीख संपली साहेब. मागंच निकाल लागला.”

बांध कुणाकडे गेला ते मी विचारलं नाही. माझी नजर त्यांच्या हाताकडे होती. “अन् कॅन?”

त्यांनी स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघितलं. “इसरलो,” म्हणाले.

पिशवीतून ज्वारीच्या पिठाचं पुडकं वर आलेलं दिसत होतं. लोणच्याची बरणी होती, फडक्यात बांधलेला तुपाचा डबा होता, लेकीसाठी घेतलेल्या चोळीच्या खणाचा काठ बाहेर डोकावत होता. यातलं काहीच विसरलं नव्हतं. मी कंट्रोलरच्या आवाजात थट्टेनं विचारलं, “मग राहायची सोय कशी मामा? इथं कुणी हाय का तुमचं?”

“हाय,” किसनराव म्हणाले.

मी सवयीनं पुढच्या ‘पण’ची वाट बघत थांबलो. ते तोवर गल्लीकडे वळले होते.